कोणत्या वयाला शरीर किती वाकलं पाहिजे?

तुमच्या प्रश्नात एक अख्खं घर आलंय. तुम्ही ४४ वर्षांचे, दिवसभर बसून काम, उभ्याने वाकलात की बोटं नडगीच्या मध्यावर अडकतात. ११ वर्षांची मुलगी सहज तळवे टेकवते. १४ वर्षांचा मुलगा तुमच्याइतकाच ताठ, आणि त्यावरून त्याला तुमची बोलणी बसतात. ७१ वर्षांच्या आई मात्र अजून खाली बसून भाजी निवडतात. तुम्हाला हवंय ते एवढंच, की कोणत्या वयाला किती वाकता येणं 'नॉर्मल' समजायचं.

मी पीटीची बाई. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत २७ वर्षं शिकवलं, आता रोज पहाटे साडेपाचला एका व्यायामशाळेत वर्ग घेते. त्यात कॉलेजातल्या पोरींपासून ८१ वर्षांच्या आजींपर्यंत सगळे असतात. त्यांना रोज बघते, त्या भरवशावर सांगते.

पायाची बोटं धरता येणं ही वयाची परीक्षाच नव्हे. ज्याचे हात लांब आणि पाय आखूड, त्याची बोटं टेकणार. ज्याचे पाय लांब, तो तेवढाच मोकळा असूनही नडगीपाशी थांबणार. खुब्याची खोबण कुणाची खोल असते, कुणाची उथळ, तिची दिशाही वेगवेगळी. मांडी घातल्यावर काहींचे गुडघे आयुष्यभर वर राहतात, कारण तिथे हाडच हाडाला अडतं. त्याला कितीही ताणा, काही होत नाही, उलट सांधा दुखायला लागतो. माझ्या वर्गात त्रेसष्टीच्या एक काकू आहेत. त्या वाकून तळवे टेकवतात, पण एका पायावर तीन सेकंद उभं राहता येत नाही. लवचिक म्हणायचं का त्यांना? म्हणा हवं तर. मला त्यांची काळजी वाटते.

२०२० साली केंद्र सरकारने 'फिट इंडिया' या तंदुरुस्तीच्या मोहिमेखाली वयाप्रमाणे चाचण्या ठरवून दिल्या, त्या बघितल्या तरी हेच दिसतं. शाळकरी मुलांना पाय लांब करून पुढे वाकायला लावतात, पळायला लावतात, दंड काढायला लावतात. पासष्टीच्या पुढे विचारतात की खुर्चीवरून किती वेळा उठता, दोन मिनिटं जागच्या जागी पावलं टाकता येतात का. वय वाढतं तसा प्रश्नच बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

तुमच्या मुलीबद्दल फार लिहीत नाही. तिला वाकायला शिकवायची गरज नाही, जोर कमवायला शिकवायची आहे. लटकू दे, चढू दे, दोरीवरच्या उड्या मारू दे. फक्त एक बघा. तिचं कोपर सरळ केल्यावर उलट्या बाजूला वळत असेल, अंगठा सहज मनगटाला टेकत असेल, तर तिचे सांधे मुळातच सैल आहेत. अशा मुलींना कौतुकाने 'स्प्लिट', म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकायला लावतात आणि पुढे त्यांचेच घोटे आणि खांदे सारखे दुखावतात.

मुलाबद्दल मात्र जरा थांबून लिहायचंय, कारण तिथे मी स्वतः चुकलेय. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची १३-१४ व्या वर्षी. त्या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. पँट तोकडी होते, त्याच वर्षी पोरगा वाकेनासा होतो. मला नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. आठवीतला एक मुलगा पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, अर्ध्यावर अडकला होता. आळस करतोय असं वाटून मी त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून दाबलं. मांडीच्या मागे काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि तो कळवळून बाजूला पडला. महिनाभर लंगडत होता. वर्षभरात जवळजवळ चार इंच उंची वाढलेला तो पोरगा, आणि मी त्याला 'म्हातारा झालास का' म्हणाले होते. तेव्हापासून कुणाच्याही पाठीवर मी हात दाबलेला नाही.

म्हणून हात जोडून सांगते, त्याला बोलू नका. त्याला रोज तासभर दमवणारा खेळ हवा, जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वयाला सरासरी रोज ६० मिनिटं सांगते. खेळून आल्यावर अंग गरम असताना हलका ताण द्यायला सांगा, बस. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तो दुखतो म्हणाला तर नाटक समजू नका. वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या मुलांना तो त्रास होतो. काही दिवस उड्या कमी करायच्या आणि एकदा डॉक्टरांना दाखवायचं. वाढ स्थिरावली की त्याचा ताठपणाही हळूहळू उतरेल.

आता तुम्ही. तिशीनंतर काही केलं नाही तर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूंना आणि सांध्यांना बांधून ठेवणारे तंतूही वयाबरोबर एकमेकांना चिकटून कडक होतात. तरी ४४ व्या वर्षी नडगीच्या मध्यावर अडकायला वयापेक्षा खुर्ची जास्त जबाबदार आहे. ताण द्यायला लागल्यावर सुरुवातीला जो फरक पडतो, तो बराचसा स्नायू लांब झाल्यामुळे नसतो. तो ताण सोसायची शरीराला सवय होते, आधी लगेच आवळून धरायचं ते आता धरत नाही. म्हणून झटके देऊन वाकण्याचा काही उपयोग नाही. झटका दिला की ते आणखी आवळतं.

आधी वाकताना ओढ कुठे बसते ते बघा. मांडीच्या मागे मधोमध असेल तर काम सोपं आहे. मात्र कळ गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर तो स्नायू नाही, शीर, म्हणजे मज्जातंतू आहे. तिथे ताणायचं नाही, डॉक्टर गाठायचा. पाठीचं जुनं दुखणं असेल तर उठल्या उठल्या पहिला तासभर वाकूच नका. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात आणि त्यांच्यावर जास्त ताण येतो.

मग एक जुना पंचा घ्या. उताणे झोपा, पंचा एका तळव्याला अडकवून तो पाय सरळ वर न्या, दुसरा पाय जमिनीवर ताठ. जिथे ओढ बसते पण श्वास अडकत नाही, तिथे ३० सेकंद थांबा. प्रत्येक पायाला तीन-चार वेळा, आठवड्यातून निदान तीन दिवस. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, दोर, लाकडी ठोकळे वापरायची जी पद्धत रुजवली तिच्यात हेच आहे: शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर मधलं अंतर वस्तूने भरून काढायचं. पाय लांब करून बसलात की पाठीला पोक येतं ना? बुडाखाली घडी केलेली सतरंजी घ्या. कंबर आपोआप सरळ होईल आणि ताण जिथे यायला हवा तिथे येईल.

दुसरं काम उकिडवं बसण्याचं. तुमच्या पिढीत घरोघरी कमोड आला आणि ही बैठक दिवसातून एकदाही होईनाशी झाली. खिडकीचा गज धरा, टाचांखाली चादरीची जाड घडी ठेवा आणि हळूहळू खाली जा. टाचा उचलल्या जातात त्या घोटे आणि पोटऱ्या आखडल्यामुळे. दर आठवड्याला घडी थोडी पातळ करायची. आमच्या वर्गात साधारण दीड-दोन महिन्यांत फरक दिसतो. काहींना शेवटपर्यंत थोडी घडी लागते, तेही चालतं.

रथसप्तमीला कुणी १०८ सूर्यनमस्कारांचं आव्हान दिलं तर एकदम उतरू नका. आमच्या जिल्ह्यात औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेले, त्याचा मला अभिमान आहे. पण ते रोजचं व्रत होतं. वर्षभर खुर्चीत बसून एका सकाळी १०८ घातले की दुसऱ्या दिवशी कंबर धरलेली माणसं माझ्याकडे येतात. बारापासून सुरू करा, आणि हात टेकताना गुडघे वाकवा. त्यात कमीपणा काही नाही.

नुसत्या ताणावर राहू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम, हे तुमच्या वयाला वाकण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. एक खूण लक्षात ठेवा. नमस्कार करताना दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण जुळत नसतील, मधे फट राहत असेल, किंवा चाळिशी-पन्नाशीत एखादा खांदा हळूहळू जाम होत गेला असेल, तर साखर तपासून घ्या. मधुमेहात सांधे असे आखडतात, आणि माणूस ते वयावर ढकलून मोकळा होतो.

आता आई. त्या खाली बसून भाजी निवडतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या प्रश्नात मला तेच सर्वांत मोलाचं वाटलं. कृपा करून त्यांना स्टूल आणून देऊ नका.

आमच्या सासूबाईंना आम्ही दिलं. पंचाहत्तरी झाली तशी भाकरी ओट्यावर, देवपूजा खुर्चीवर, जेवण टेबलावर. 'आई, तुम्ही खाली बसू नका' हे आम्ही सगळे मायेनेच म्हणत होतो. दोन वर्षांनी एका सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. पण घरात कुणी नव्हतं आणि त्यांना उठता येईना. मी भाजी घेऊन परत येईपर्यंत पाऊण तास त्या ओल्या फरशीवर बसून होत्या. मला बघून पहिलं काय म्हणाल्या, तर 'अगं, उठायचं कसं तेच आठवेना.'

त्यानंतर आम्ही उठणंच शिकलो. दोन गाद्या एकावर एक टाकल्या. आधी कुशीवर वळायचं. मग हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगणाऱ्या बाळासारखं. रांगत पलंगापर्यंत जायचं, कडेला दोन्ही हात ठेवायचे. जो पाय भक्कम तो पुढे घ्यायचा, तळवा पूर्ण टेकवायचा, श्वास सोडत हातांवर आणि त्या पायावर जोर देऊन उभं राहायचं, आणि वळून पलंगावर बसायचं. पहिल्या दिवशी गुडघा पुढे येतच नव्हता, मी हाताने उचलून ठेवला. महिन्याने एक गादी काढली, मग दुसरी, शेवटी सतरंजीवर आलो. ८० व्या वर्षी गौरी-गणपतीला त्या पाटावर बसल्या आणि माझा हात न धरता उठल्या. या वयातही ताकद येते, हे मी डोळ्यांनी बघितलं. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनला वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तुमच्या आईंसाठी आकडा हवाच असेल तर हा घ्या. हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० वेळा आणि पुरुषाला १२ वेळा जमायला हवं, त्याखाली आलं तर पायांवर काम करायची वेळ झाली. ६० ते ६४ ला हेच आकडे १२ आणि १४. दुसरं, भिंतीजवळ एका पायावर १० सेकंद. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना हे करायला सांगितलं होतं. ५१ ते ५५ मध्ये साधारण ५ टक्क्यांना जमलं नाही, ७१ ते ७५ मध्ये निम्म्याहून जास्त लोकांना. त्यामुळे आईंना जमलं नाही तरी घाबरू नका, पण रोज ओट्याला हात लावून सराव सुरू करा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात, म्हणून त्यांना पाठ गोल वाकवून पायाची बोटं धरायला अजिबात लावू नका, मणका दबू शकतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनंही नकोत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर खाली बसण्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

उद्या आई भाजी निवडून उठतील तेव्हा नीट बघा. एक हात टेकतात की दोन, कोणता पाय आधी पुढे घेतात. मग त्यांच्या शेजारी तुम्ही बसा आणि तसेच उठून बघा. उठताना तुम्हाला किती हात टेकावे लागले ते इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.