60 अंशांवर लिथियम-सल्फर सेलचं चार्जिंग 2.35 व्होल्टवर का अडकतं?

तुमचा सेल 25 अंशांना नीट चालतो, पण 60 अंशांच्या ओव्हनमध्ये चार्जिंग 2.35 व्होल्टपाशी रेंगाळतं आणि 2.8 गाठतच नाही. हे पॉलिसल्फाइड शटलचं ठळक लक्षण आहे. लांब साखळीचे पॉलिसल्फाइड (लिथियम-सल्फरची मधली संयुगं) इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून लिथियमपर्यंत जातात, तिथे आखूड होतात आणि कॅथोडकडे परततात. करंट वाहतो, साठत काहीच नाही. उष्णतेत त्यांचं विरघळणं, पसरणं आणि लिथियमशी अभिक्रिया करणं, तिन्ही वाढतं. लिथियमला या हल्ल्यापासून जपण्यासाठी इलेक्ट्रोलाइटमध्ये घातलेलं लिथियम नायट्रेटही लवकर संपतं.

आधी सायकलरमध्ये (सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्रात) चार्जला मर्यादा घाला: मागच्या डिस्चार्ज क्षमतेच्या 1.2 पट पुरे. खालची मर्यादा 1.8 व्होल्ट ठेवा, कारण त्याच्या बरंच खाली नायट्रेट कॅथोडवरच खर्ची पडतं.

आता इलेक्ट्रोलाइट. त्यातले नेहमीचे द्रावक म्हणजे डीओएल (डायॉक्सोलेन) आणि डीएमई (डायमिथॉक्सीइथेन). डीओएल सुमारे 75 अंशांना उकळतं, डीएमई 85 ला. 2032 कॉइन सेलची गॅस्केट जराशी सैल दाबली गेली असेल तर 60 अंशांवर वाफ निसटते. ओव्हनआधी आणि नंतर सेलचं वजन करा. 30 मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट म्हणजे जेमतेम 33 मिलिग्रॅम. त्यातले 5 उडाले तरी सेल सुकायला लागतो, आणि आपण उगाच कॅथोडला दोष देत बसतो.

यावर सगळे टेट्राग्लाइम हा द्रावक सुचवतात. ते 275 अंशांना उकळतं हे खरं, पण पॉलिसल्फाइडही मजेत विरघळवतं, म्हणजे शटल तसंच राहतं. कमी विरघळवणारा द्रावक जास्त कामाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या गटाने 2022 मध्ये डायब्युटाइल इथर (उत्कलनांक 141) वापरून उणे 40 ते 50 अंशांपर्यंत सेल चालवले. मात्र त्यांचा सल्फर कॅथोडही खास बनवलेला होता.

60 अंशच हवे असतील तर मी कॅथोडच बदलेन: सल्फर बांधलेलं पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे एसपॅन. पॉलिमर आणि सल्फर वजनाने 1:4 घोटून आर्गॉनमध्ये 300 ते 350 अंशांवर काही तास तापवा. बाहेर पडणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे. फ्यूम हूडमध्येच काम करा आणि वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून जाऊ द्या. उरलेलं मोकळं सल्फर गरम टोल्यूइनने धुऊन काढा. पहिल्या डिस्चार्जमध्ये 2.3 व्होल्टपाशी पायरी दिसली तर धुणं कमी पडलंय. कार्बोनेट द्रावकात हे मोकळं सल्फर घातक ठरतं: त्याचे पॉलिसल्फाइड द्रावकावरच हल्ला करतात.

एसपॅनमध्ये सल्फर वजनाने 40 टक्क्यांच्या आसपासच असतं आणि व्होल्टेजही कमी, सरासरी 1.8 च्या आगेमागे. तेवढा ऊर्जेचा तोटा धरून चाला. एसपॅनसाठी सायकलिंग 1 ते 3 व्होल्ट ठेवा. कार्बोनेट द्रावक वापरत असाल तर लिथियम क्षार म्हणून एलआयपीएफ6 ऐवजी एलआयटीएफएसआय घ्या. पहिला क्षार 60 अंशांपाशी विघटन पावू लागतो. दुसरा अॅल्युमिनियम फॉइल खातो खरा, पण 3 व्होल्टपर्यंत तो प्रश्न येत नाही.