बारा रात्रींचे तेरा दिवस : युरोपच्या व्हिसाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची गृहिणी. मिस्टरांचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. पहिल्यांदाच युरोपला जायचं ठरतंय, तेही ग्रुपबरोबर नाही, आमचे आम्ही. पॅरिसला ४ रात्री, ल्युसर्नला ४, फ्लॉरेन्सला २ आणि रोमला ४. विमान पॅरिसला उतरणार, परतीचं रोमहून. एजंट म्हणतो, फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, कागदोपत्री पॅरिसच्या रात्री वाढवून दाखवू. दिरांनी सुचवलं, व्हिसापुरते कुणाकडून तरी पैसे घेऊन खात्यात ठेवा. मला दोन्ही पटत नाही, पण घरात माझं कोणी ऐकत नाही. माझं स्वतःचं उत्पन्न नाही, त्याचंही दडपण येतं.

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये, तेच बरोबर आहे. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आधी देशाचं बघू. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे तिन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात. लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावाजवळ १४ जून १९८५ रोजी त्यासाठीच्या करारावर सह्या झाल्या, आणि आज या क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्याचा वेगळा व्हिसा लागत नाही. अर्ज मात्र कुठल्याही देशाकडे करून चालत नाही. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील, तर जिथे आधी प्रवेश करणार, त्या देशाकडे. तुमच्या रात्री मोजा : फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४, इटली ६. म्हणजे अर्ज इटलीकडे. विमान पॅरिसला उतरतंय म्हणून फ्रान्स, असं होत नाही.

पॅरिसच्या रात्री वाढवून दाखवायच्या म्हणजे खोटं बुकिंग जोडायचं आणि व्हिसा आल्यावर रद्द करायचं. हॉटेलकडे चौकशी करून खात्री करून घेणं अधिकाऱ्यांना अवघड नाही. शिवाय पॅरिसला उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी हॉटेलचे कागद मागू शकतो. तेव्हा हातात काय द्याल? पहिल्यांदाच निघताय, ती धाकधूक मनात घेऊन का जायचं?

आता पैशांचं. बँकेचं स्टेटमेंट बघणारा माणूस फक्त शेवटचा आकडा बघत नाही. दर महिन्याला काय येतं, काय जातं, यावरून घर कसं चालतं हे त्याला कळतं. चार महिने संथ चाललेल्या खात्यात अर्जाच्या आधी आठ दिवस एकदम मोठी रक्कम आली, तर त्याची नजर तिथेच थांबणार. पैसे खरोखर तुमचेच असतील, मुदतठेव मोडली असेल किंवा जागा विकली असेल, तर त्याचा कागद सोबत जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत तसं लिहा. उसने मात्र आणू नका. खर्च झेपत नसेल तर चार रात्री कमी करा. त्यात कमीपणा नाही.

तुमचं स्वतःचं उत्पन्न नाही, ही अडचण नाहीच. प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. तुमच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात सरळ ‘गृहिणी’ असं लिहायचं. खर्च कोण करणार असा एक रकाना आहे, तिथे ‘स्वतः’वर खूण न करता प्रायोजकावर करा आणि पतीचं नाव द्या. मग त्यांचं सहीचं पत्र, विवाहाचा दाखला, त्यांच्या व्यवसायाची नोंदणी, आयकराची विवरणपत्रं आणि बँकेचं स्टेटमेंट तुमच्याही फाईलमध्ये लावा. फाईल दोघांची एकत्र दिली तरी तुमचा संच स्वतंत्र पूर्ण हवा. विवाहाच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर नाव वेगळं असेल, तर त्याचाही कागद आत्ताच शोधून ठेवा. ऐन वेळी तो हमखास सापडत नाही.

मी कुणाचीही फाईल बघायला बसले की आधी कोऱ्या कागदावर उभे चार रकाने आखते : तारीख, रात्र कुठे, हॉटेलचं नाव, त्या दिवशीचा प्रवास. तुमच्या बाबतीत पॅरिसहून ल्युसर्नला बाझेलमार्गे रेल्वे, ल्युसर्नहून फ्लॉरेन्सला मिलानमार्गे, हे त्यात येईल. मग एकेक कागद हातात घेऊन त्या तक्त्याशी पडताळते. विमानाच्या तारखा जुळतात का? एखादी रात्र कुठल्याच हॉटेलात नाही, असं तर नाही ना? विमा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आहे का? तो विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. बघणारा अधिकारी तुम्हाला कधी भेटलेला नाही. त्याच्यासमोर फक्त हे कागद असतात, आणि ते सगळे एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत. हाच तक्ता आणि एक पानी पत्र फाईलच्या वरच्या बाजूला लावा.

बाकीचं थोडक्यात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने तेच वापरता येतात.

अजून एक. १८ एप्रिल २०२४ पासून भारतीय पासपोर्टधारकांसाठी एक चांगला नियम आला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा मिळतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. तेव्हा हा पहिला व्हिसा सरळ मार्गाने घ्या. त्याच्या जोरावरच पुढचे मिळणार आहेत.

प्रश्न : माझा आणि पत्नीचा व्हिसा नाकारला. पत्रात ‘प्रवासाचा हेतू व परिस्थितीबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही’ या अर्थाच्या ओळीपुढे खूण आहे. आम्ही दोघं नोकरदार, आजवर कुणाला एका पैशाने फसवलं नाही. फार अपमान वाटला. आता दुसऱ्या देशाकडे अर्ज करावा का?

उत्तर : तुमचा राग मला कळतो, कारण तो मी आमच्याच घरात पाहिलाय. माझ्या थोरल्या बहिणीचा व्हिसा नेमक्या याच ओळीवर नाकारला गेला होता. ताई चार दिवस धड जेवली नाही. ‘मला खोटारडी म्हणाले’ एवढंच म्हणायची. शेवटी मी तिची फाईल जमिनीवर पसरली आणि तारखा लावत बसले. फाईलमध्ये कार्यालयाचं रजेचं पत्र होतं, त्यात रजा दहा दिवसांची. हॉटेलं चौदा रात्रींची. रजा तिने नंतर वाढवून घेतली होती, साहेबांची सहीही होती, पण लिपिकाने फाईलसाठी दिलेलं पत्र जुनंच होतं आणि आम्ही कोणी ते उघडून वाचलं नव्हतं. बघणाऱ्याला काय वाटणार? बाई दहा दिवस सांगून चौदा दिवस राहणार, मग चाळीस का नाही?

म्हणून आधी तुमची फाईल अशीच पसरा. ती खूण तुमच्या चारित्र्यावर नाही, कागदांमधल्या कुठल्यातरी तफावतीवर आहे. दोघांच्या रजेच्या तारखा, पगाराच्या पावत्या आणि खात्यात जमा झालेला पगार, मुक्कामाचे पत्ते, सगळं ताडून बघा.

नकाराविरुद्ध अपील करण्याचा हक्क तुम्हाला आहे. ते ज्या देशाने नकार दिला त्याच देशाच्या कायद्याप्रमाणे करायचं असतं, आणि त्याची रीत व मुदत त्या पत्रातच दिलेली असते. कागद सगळे बिनचूक असूनही नाकारलं असेल, तर अपील जरूर करा. चूक आपलीच निघाली, तर ती दुरुस्त करून नवा अर्ज करणं सोपं पडतं. नव्या अर्जासाठी थांबायची सक्ती नाही, शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं. ताईने तेच केलं. नव्या अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, ‘मागच्या अर्जात रजेचं जुनं पत्र जोडलं गेलं होतं, सुधारित पत्र सोबत आहे.’ व्हिसा मिळाला.

दुसऱ्या देशाकडे जायचं ते तुमचा बेत खरोखर बदलला असेल तरच. नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते, ती दुसऱ्यालाही दिसते. झालं ते सांगून टाकावं.

प्रश्न : पॅरिसहून दोन दिवस लंडन करून परत पॅरिसला येणार आहोत. शेंगेन व्हिसा चालेल ना?

उत्तर : नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. आणि लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, म्हणून परत पॅरिसला यायला दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा. अर्जातच तसं मागा. आयर्लंडचंही तसंच.

प्रश्न : व्हिसा मिळाला! त्यावर १० मे ते ५ जून अशा तारखा आहेत आणि एका ठिकाणी १२ दिवस लिहिलंय. आम्ही अर्जात १२ लिहिलं होतं, कारण हॉटेलं १२ रात्रींची आहेत. १० मेला उतरतोय, २२ मेला सकाळी ११ चं परतीचं विमान. तारखा तर जूनपर्यंत आहेत, म्हणजे काळजी नाही ना?

उत्तर : काळजी आहे, आणि बरं झालं आत्ताच विचारलंत.

व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘पासून-पर्यंत’ या तारखा म्हणजे दार उघडं असण्याचा काळ. प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको, म्हणून त्यात १५ दिवसांची सवलत धरलेली असते. तुमचे बारा आणि ते पंधरा, असे सत्तावीस. मोजून बघा, १० मे ते ५ जून सत्तावीसच भरतात. पण आत राहायची परवानगी ‘मुक्कामाचे दिवस’ या रकान्यात असते, आणि ती बाराच दिवसांची आहे. यात उतरण्याचा दिवसही धरतात आणि निघण्याचाही. १० मे हा पहिला, म्हणजे बारावा दिवस २१ मे. २२ ला सकाळी विमानतळावर तुम्ही तेराव्या दिवशी उभे असाल. बारा रात्री म्हणजे तेरा दिवस, हे अर्ज भरताना भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

‘एका दिवसाने काय होतं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर पासपोर्टच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. चेहरा आणि तारीख नोंदवली जाते, आणि दिवस यंत्र मोजतं. एक दिवस जास्त राहिल्याची नोंदही पुढच्या अर्जाच्या वेळी समोर येते. तिथे गेल्यावर मुदतवाढ मिळते ती विमानं बंद पडली, गंभीर आजारपण आलं अशाच कारणांसाठी. दिवस मोजताना चूक झाली, हे त्यात बसत नाही.

दिलेले दिवस तुम्ही मागितले तेवढेच आहेत, म्हणजे वकिलातीची चूक नाही. आजच विमान कंपनीला फोन करा आणि तिकीट २१ मेचं करून घ्या. शेवटची एक रात्र कमी होईल. हॉटेललाही कळवा, आणि विम्याच्या तारखा आहेत तशाच राहू द्या.