गोंगाटावर बोलू नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. सहावीचा वर्ग, ४२ पोरं, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुझा घसा बसलाय. ‘सर, मी कडक व्हायला हवं होतं का?’ असं विचारतेस. घसा बसलाय म्हणजे तू गोंगाटावर बोलतेस. ते आधी बंद कर.

गोंगाट चालू असताना एक वाक्यही बोलायचं नाही. बोललीस की पोरांना कळतं, पहिल्यांदा ऐकलं नाही तरी चालतं, बाई पुन्हा सांगतातच. टाळीचा ठेका ठरव: तू ३ वाजवायच्या, वर्गानं २ वाजवून हातातलं खाली ठेवायचं. मग एका जागी उभी राहा, मागच्या बाकांपासून नजर फिरव आणि गप्प राहा. १० सेकंद लागतील, २० लागतील. लागू देत. ही वाट बघणं जिवावर येतं, आणि नेमके तिथंच नवे शिक्षक कच खातात. ठेका मात्र थांबवण्यापुरताच. उठसूट वाजवलास तर त्याचाच खेळ होतो.

वर्ग थांबला की सूचना दे: काय करायचं, किती वेळात, झाल्यावर काय. एका पोराकडून ती परत वदवून घे आणि मगच कागद वाट. कागद आधी हातात पडला की पुढचं कुणी ऐकत नाही. भराभर संपवणाऱ्यांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात जास्तीचं उदाहरण असू दे. गट चौघांचाच, सहा जणांत दोघं नुसती बसून राहतात.

मधल्या सुट्टीनंतर खिचडी खाऊन, मैदानावर पळून पोरं घामाघूम येतात. तेव्हा तू टेबलाशी नको, दारात हवीस. फळ्यावर ३ सोपी उदाहरणं आधीच लिहिलेली. बसलं की वही उघडायची, ४ मिनिटं, बोलणं बंद. तेवढ्यात दुपारची हजेरी उरकते. आदल्या दिवशी कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना झाला असेल तर वेगवेगळ्या पेठांतली पोरं वाद घालतच आत येणार. तो विषय दाबू नकोस. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, असा तक्ता फळ्यावर मांड आणि गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा, काढायला लाव. ऋण संख्या सहावीला आहेतच.

प्रश्न विचारतानाही थांब. आधी प्रश्न, मग ३ सेकंद, मग नाव. नाव आधी घेतलंस की बाकीचे ४१ सुटले. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक सेकंदभरच थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

मागच्या बाकावरच्या त्या एकाला लांबून हाक मारू नकोस, त्याला आयते प्रेक्षक मिळतात. शिकवत शिकवत जवळ जा, त्याच्या वहीवर बोट ठेव, पुढे चल. छडीचा विषयच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पोराला वर्गाबाहेर उभं करणं मला तितकंच खुपतं. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. एवढा आटापिटा करून आत आणलेलं पोर आपण दाराबाहेर काढायचं?

‘असं थांबत बसलात तर पोर्शन कधी संपणार?’ असं सहकारी म्हणतील. मलाही म्हणतात. मी माझं सोडणार नाही. गोंगाटात उरकलेला धडा टाचणवहीत पूर्ण दिसतो, आणि चाचणीत पोरांच्या वह्या कोऱ्या राहतात.

सोमवारी पहिल्या तासाला नवा धडा घेऊ नकोस. टाळीवर थांबणं, वह्या वाटणं, गटात बसणं, एवढंच ४-५ वेळा करून घे. मंगळवारी बिघडलं तर पुन्हा तिथूनच. आणि तोवर कोमट पाण्यात मीठ घालून रोज दोनदा गुळण्या कर.

तुझा,
सर