अमेरिकेच्या मिडवेस्टमधील धर्मोपदेशकाच्या घराण्याचा शोध

प्रश्न : आमच्या मुलीचे सासर अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. जावयांचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात इंडियाना आणि आयोवा या भागांत युनायटेड ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते, एवढेच त्या घरात ठाऊक आहे. जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या आहेत, पण गावांची नावे नाहीत. नातवासाठी हा वृत्तान्त नीट लिहून ठेवावा अशी इच्छा आहे. शोधाची सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या हाती असलेली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे पंथाचे नाव. बहुतेक जण पूर्वजाचे नाव घेऊन थेट जनगणनेच्या याद्या चाळू लागतात आणि एकाच नावाची दहा माणसे समोर आली की गोंधळून जातात. उपदेशकाच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते, कारण त्याचे बिऱ्हाड चर्चच्या आज्ञेने हलत असे. युनायटेड ब्रेदरन आणि मेथडिस्ट यांसारख्या पंथांत त्या त्या विभागाच्या उपदेशकांची वार्षिक परिषद भरे आणि कोणी कोणत्या गावांच्या फेरीवर जायचे, हे तेथे ठरे. जन्म, विवाह, जमीन आणि मृत्युपत्र यांचे जुने कागद तर मुख्यतः त्या त्या कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत असतात. त्यामुळे कोणत्या वर्षी मुक्काम कोणत्या कौंटीत होता हे कळल्यावाचून पुढचे दार उघडत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना वहीतली नोंद काढण्यासाठी आधी मूळ गाव सांगावे लागते, तसे येथे पंथ आणि परिषद सांगावी लागते.

याच पंथातील एका सुप्रसिद्ध घराण्याचे उदाहरण घेऊ. विमानाचे जनक विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांचे वडील मिल्टन राइट (१८२८–१९१७) हे इंडियानातील रश कौंटीत जन्मले, १८५३ मध्ये पंथाच्या व्हाइट रिव्हर परिषदेत दाखल झाले आणि पुढे बिशप झाले. त्यांचा थोरला मुलगा रॉइक्लिन १८६१ मध्ये ग्रँट कौंटीत, लॉरिन १८६२ मध्ये फेएट कौंटीत आणि विल्बर १८६७ मध्ये हेन्री कौंटीत जन्मला. तीन मुले, तीन कौंट्या, आणि तिन्ही इंडियानातच. इंडियानात जन्मनोंदणी १८८२ मध्ये सुरू झाली, म्हणजे या तिघांच्या जन्माची सरकारी नोंद तेव्हा होण्याचा प्रश्नच नव्हता. मिल्टन १८६९ मध्ये पंथाच्या ‘रिलिजस टेलिस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक झाल्यावर कुटुंब ओहायोतील डेटन येथे गेले आणि ऑर्व्हिल व त्यांची बहीण कॅथरिन तेथे जन्मले. ओहायोत ही नोंदणी १८६७ पासून कौंटीच्या प्रोबेट (मृत्युपत्रे व वारसा यांचे काम पाहणाऱ्या) न्यायालयात होत असे. आपल्या बायबलमधील प्रत्येक जन्मतारखेसमोर त्या वर्षीच्या परिषदेच्या कार्यवृत्तातील नेमणूक लिहीत गेलात, तर गावांची रिकामी जागा बरीचशी भरून निघेल.

त्यानंतर जनगणना पाहावी. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मस्थान मिळते. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान १८८० पासून मिळू लागते, म्हणून उपदेशकाच्या शोधात ते साल अत्यंत उपयोगी आहे. मात्र राइट कुटुंब १८७८ ते १८८१ या काळात आयोवातील सीडर रॅपिड्स येथे होते. डेटनचे कुटुंब म्हणून कोणी १८८० च्या ओहायोच्या याद्या शोधत बसला, तर त्याचे श्रम वाया जातील. १८९० ची बहुतेक जनगणना वॉशिंग्टन येथे जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीमुळे हातची गेली. त्यामुळे पडलेली १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी शहरांच्या वार्षिक नामसूचींतून, आणि आयोवासाठी १८८५ व १८९५ च्या राज्य जनगणनांतून काही अंशी भरता येते. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतकरी’ असे आढळले तरी तो माणूस सोडून देऊ नये, कारण चर्चच्या तुटपुंज्या मानधनावर भागत नसल्याने कित्येक उपदेशक शेती करीत असत.

दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेली बाळे हा या शोधातील सर्वांत हळवा भाग असतो. मिल्टन आणि त्यांच्या पत्नी सुझन यांना १८७० च्या आरंभी ओटिस आणि आयडा ही जुळी झाली आणि दोन्ही तान्हेपणीच गेली. जूनमधल्या जनगणनेच्या यादीत त्यांचे नाव येणे शक्यच नव्हते. आईला किती मुले झाली आणि किती हयात आहेत, हा प्रश्न १९०० मध्ये विचारला गेला, पण सुझन १८८९ मध्येच निवर्तल्या होत्या. अशा बालकांसाठी १८५० ते १८८० च्या जनगणनांबरोबर तयार झालेल्या मृत्यूंच्या स्वतंत्र याद्या अवश्य पाहाव्यात, कारण त्यांत आदल्या बारा महिन्यांतील मृत्यू नोंदवलेले असतात.

कागद कोठे आहेत, याचे उत्तर आपल्या पंथाच्या इतिहासात दडलेले आहे. १८८९ मध्ये पंथाची घटना बदलण्यावरून आणि गुप्त संघटनांच्या सभासदांना चर्चमध्ये घेण्यावरून युनायटेड ब्रेदरनमध्ये फूट पडली. जुन्या घटनेला धरून राहिलेल्या अल्पसंख्य गटाचे नेतृत्व मिल्टन राइट यांनी केले. त्या गटाची कागदपत्रे आज इंडियानातील हंटिंग्टन विद्यापीठात आहेत. बहुसंख्य गट १९४६ आणि १९६८ च्या विलीनीकरणांनंतर युनायटेड मेथडिस्ट चर्चचा भाग झाला, आणि त्या चर्चचे मुख्य अभिलेखागार न्यू जर्सीतील मॅडिसन येथे ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात आहे. तेव्हा खापरपणजोबा १८८९ नंतर कोणत्या बाजूला राहिले, हे आधी ठरवावे. फुटीपूर्वीच त्यांचे निधन झाले असेल, तर दोन्हीकडे विचारणा करावी. पत्रात परिषदेचे नाव आणि अंदाजे वर्षे लिहावीत, आणि मृत्यूनंतर परिषदेने किंवा पंथाच्या साप्ताहिकाने छापलेला मृत्युलेख आवर्जून मागावा. जन्मगाव, आईवडील, धर्मदीक्षेचे वर्ष आणि मागे राहिलेली मुले हे सारे एकत्र मिळण्याची शक्यता त्यात सर्वाधिक असते.

आणखी एक साधन फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. उपदेशकाने लावलेल्या इतरांच्या लग्नांचे दाखले कौंटीच्या विवाहनोंदवह्यांत त्याच्या नावानिशी आढळतात, आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत तो त्या भागात होता हे त्यांवरून ठरवता येते. यांपैकी पुष्कळ वह्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तेथेच इतरांनी तयार केलेले वंशवृक्षही दिसतील. मूळ कागद स्वतः पाहिल्याखेरीज त्यांतील एकही नाव उतरवून घेऊ नये, असा माझा आग्रह आहे.

खापरपणजींचा शोधही पतीच्या नावामागे झाकून टाकू नये. सुझन कर्नर या व्हर्जिनियात जन्मल्या, त्यांचे वडील जर्मनीहून आलेले गाडे बांधणारे कारागीर होते आणि मिल्टन यांच्याशी त्यांची ओळख इंडियानातील हार्ट्सव्हिल येथील पंथाच्या महाविद्यालयात झाली. आपल्याही घरातील विवाह पंथाच्या एखाद्या शाळेत किंवा दुसऱ्या उपदेशकाच्या घरी जुळला असणे अगदी संभवनीय आहे. म्हणून बायबलमध्ये त्यांचे माहेरचे नाव असल्यास अभिलेखागाराला लिहिताना तेही कळवावे.