डबे दोन, लेबल एकच, चव वेगळी का?

प्रश्न : पाइपसाठी व्हर्जिनिया-पेरिक (या दोन प्रकारच्या तंबाखूंच्या) मिश्रणाचे दोन वेगळे ब्रँड घेतले, एक गोडसर गवतासारखा लागतो, दुसरा मिरीसारखा नाकात जातो. असं का?

उत्तर : अहो, व्हर्जिनिया म्हणजे काय एकच पान नाही! भट्टीच्या गरम हवेत वाळवल्यामुळे त्यात साखर टिकते, पण पिवळं पान लिंबूसर, जरा तिखट, लाल पान पावासारखं, आणि वाफेवर काळं केलेलं तर मनुक्यासारखं लागतं. पेरिकची गंमत वेगळीच, ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स परगण्यात बनतं, पानं व्हिस्कीच्या पिंपांत दाबून वर्षभर स्वतःच्याच रसात आंबवतात, मधेमधे काढून हवा देऊन परत दाबतात, म्हणून तो आंबूस, अंजीर-मिरीचा वास (आपल्या मुरलेल्या लोणच्याचा चुलतभाऊच म्हणा). ते थोडंच घालतात, पण ५ टक्के आणि १५ टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यात तंबाखू दाबून वडी केलेली की मोकळी, डबा किती वर्षं मुरला, आणि तुम्ही भराभर ओढता का, यानेही चव बदलते; भराभर ओढलं तर व्हर्जिनियाने जीभ पोळते नि चव जाते. आणि हो, तंबाखू कितीही गोड लागली तरी कॅन्सरचा धोका तोच, तिथे ब्रँडने फरक पडत नाही.