कोकणात वांगी-मिरचीला जिवाणू खत वापरलं तर युरिया बंद करता येतो का?

पूर्ण बंद? नाही. पण ‘जिवाणू खत म्हणजे नुसती काळी पूड, असं गावात सांगतात’ हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर देतेय. आमच्याकडे हे वाक्य भावोजींचं आहे.

भात कापून झालं की आम्ही मळ्यात चवळी, वांगी, मिरची करतो. माल शृंगारतळीला जातो. एका वर्षी भावोजींनी रायझोबियमचं, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूचं, पाकीट आणलं. दुकानदाराने दिलं हरभऱ्याचं, भावोजींनी लावलं चवळीला. चवळीच्या मुळाशी जमणारा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. पाकिटावर पिकाचं नाव छापतात ते काय शोभेला? त्यात ते दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली पडलेलं. मग त्याच संध्याकाळी बियाण्याला बुरशीनाशक चोळलं आणि सरीत युरियाही टाकला. एवढं करून निकाल काय, तर ‘काही फरक नाही’.

मी शेजारच्या वाफ्यांत चवळीचंच पाकीट वापरलं. गुळाच्या पाण्यात कालवून बियांना लावलं, सावलीत सुकवलं, लगेच पेरलं. फुलं धरायच्या सुमारास दोन्हीकडची झाडं मातीसकट काढली, सासूबाईंच्या समोर. माझ्या मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या तर आत लालसर गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र ओढणं चालू. भावोजींच्याकडे तुरळक गाठी, त्याही आतून पांढऱ्या. आयता युरिया मिळाल्यावर झाड गाठी कशाला करील? भावोजी म्हणाले, “तुझ्याकडे पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी जास्त येतं.” अजून तेच म्हणतात.

आता तुमचं. वांगी-मिरचीला गाठी येतच नाहीत, त्यामुळे रायझोबियमवर पैसे घालवू नका. दुकानात अ‍ॅझोटोबॅक्टर पुढे करतील, तो गाठींशिवाय मातीत नत्र धरणारा जिवाणू. आपली जांभ्याची माती आंबट, पावसात चुना धुऊन जातो, आणि सामू (pH) सहाच्या खाली गेला की अ‍ॅझोटोबॅक्टर जोर धरत नाही. मी अ‍ॅझोस्पिरिलम घेते, तोही नत्र धरणारा, पण मुळांना धरून राहणारा जिवाणू. पाकीट पाण्यात कालवून लावणीआधी रोपांची मुळं त्यात बुडवायची आणि ऊन उतरल्यावर रोपं लावायची. उरलेलं शेणखतात मिसळून बुंध्याशी. रासायनिक खताबरोबर एका पाटीत कधीच नाही. मुदत संपलेलं पाकीट फुकट मिळालं तरी घेऊ नका. युरिया पहिल्या हंगामात पाव भाग कमी करा, झाडं बघा, मग पुढचं ठरवा. एकदम तोडलात तर वांगी बसतील आणि शिव्या पाकिटाला.

हो, एक राहिलं. आमची जमीन पऱ्ह्याकाठची, गाळाची आहे. कातळावर माती ओढून मळा केला असेल तर माझ्यावर जाऊ नका. आधी माती तपासून घ्या आणि भरपूर शेणखत घाला, सेंद्रिय काही नसलेल्या मातीत जिवाणू खाणार काय? पाण्याचं म्हणाल तर दोन्ही मळ्यांना सारखंच जातं, पाळी सासूबाई लावतात.