बाल्डर्स गेट ३ मध्ये जीव लागत नाहीये? आधी लाँग रेस्ट घे

अरे मित्रा, तू म्हणतोस या व्हिडिओ गेममधल्या कॅरेक्टरशी काही कनेक्टच होत नाहीये, पण मला सांग, कॅम्पवर झोपतोस का तू, म्हणजे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतोस का? कथेत आपल्या डोक्यात एक किडा घातलेला असतो, त्यामुळे घाई करायला हवी असं वाटतं ना, मलाही वाटलेलं, म्हणून पहिल्या वेळी लाँग रेस्ट टाळत टाळत गेलो आणि निम्म्या गप्पा हुकल्या, नंतर लय वाईट वाटलं. सोबत्यांच्या कथा बहुतेक कॅम्पवरच उलगडतात. बॅलन्स्ड (मधल्या अवघडपणाच्या) मोडला एका रेस्टला ४० सप्लाय (खाण्याच्या साठ्याचे पॉइंट) लागतात, तेवढं खाणं सहज सापडतं. डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं की जाऊन बोलच.

कार्लाक या सोबतीणीचंच बघ. छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन, अंग इतकं तापलेलं की कुणाला साधी मिठी मारता येत नाही. इन्फर्नल आयर्न (नरकातलं लोखंड) शोधून डॅमन लोहाराकडे दोनदा न्यायचं, मग तिला स्पर्श करता येतो, आणि ते लोखंड आपण स्वतः हुडकलेलं असतं म्हणूनच तो सीन आतपर्यंत पोचतो.

आणि हो, एखाद्या प्रसंगात फासा मनासारखा पडला नाही की लगेच जुना सेव्ह रीलोड मारू नकोस प्लीज, हरलेला रोलपण तुझ्याच कॅरेक्टरचा आहे, पुढे काय होतं ते बघ तरी. लेव्हल १२ ला थांबते, बिल्डचं (कॅरेक्टरची कौशल्यं कशी निवडायची त्याचं) टेन्शन नंतर घे.